घरांत आलेला बोलपट

चित्रपट हा मुळांत घराबाहेर जाऊन पाहण्याचा प्रकार आहे. तिकीट काढावें, अंधारांत बसावें, शेजारीं कोण बसलें आहे हा विचार सोडून द्यावा आणि अडीच-तीन तासांनीं डोळे चोळीत उजेडांत यावें, अशी त्याची रीत. तोच चित्रपट घरीं पाहिला म्हणजे तो तोच राहत नाहीं. दिवा जळत असतो, चुलीवर कांहीं शिजत असतें, पाहुणा येतो, लेंकरू रडतें. आणि मुख्य म्हणजे पाहणारांपैकीं प्रत्येकाला दुसऱ्याचा चेहरा दिसत असतो. या शेवटच्या गोष्टीकडे फारसें कोणी लक्ष देत नाहीं. वस्तुतः घरीं पाहिलेल्या चित्रपटाचा ठसा पुष्कळसा तिच्यामुळेंच उमटतो. मराठवाड्यांतील नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांपुरता विषय घेतला तर हें अधिक स्पष्ट होतें. कारण या भागांत घरांतला पडदा उशीरां आला, एकदम आला, आणि आला तो हिंदी बोलत आला.

त्यापूर्वींचा सिनेमा म्हणजे शहरांतलीं थिएटरें आणि यात्रेंतले तंबू. नांदेड जिल्ह्यांत माळेगांवीं मार्गशीर्षांत खंडोबाची यात्रा भरते. लातुरास महाशिवरात्रीला सिद्धेश्वराची. अशा यात्रांतून घोड्या-उंटांचा बाजार, पाळणे, तमाशाच्या कनाती यांच्या जोडीला फिरता सिनेमाहि असे. पुरुष आणि पोरें तंबूंत शिरत. बायका थोड्या, आणि घरंदाज म्हणविणाऱ्या वाड्यांतल्या सुना तर जवळजवळ नाहींतच. त्यांच्या आयुष्यांतला पहिला बोलपट बहुधा दूरचित्रवाणीवरचाच होता. चित्रपटाच्या इतिहासांत हे प्रेक्षक कोठेंच नोंदलेले नाहींत, कारण त्यांनीं तिकीट काढलें नाहीं.

मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें आणि पुढच्या वर्षीं पुण्यासाठीं सिंहगडावरून त्याचें सहक्षेपण होऊं लागलें. मराठवाड्याला त्याचा उपयोग नव्हता. मध्यम लहरींची नभोवाणी जमिनीला धरून दूरवर जाते, रात्रीं तर शेंकडों मैल जाते. दूरचित्रवाणीच्या लहरी मात्र जवळजवळ सरळ रेषेंत धांवतात. पृथ्वीचा वांक आणि मधले डोंगर त्यांना अडवितात, आणि मनोरा कितीहि उंच उभारला तरी शंभर-सव्वाशें किलोमीटरांपलीकडे चित्र टिकत नाहीं. त्यामुळें दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ पुण्या-मुंबईच्या घरांतून हंशा पिकवीत होते तेव्हां नांदेडला चिं. वि. जोशांच्या त्या गोष्टी पुस्तकांतूनच वाचल्या जात होत्या. आजहि जुन्या दूरदर्शनच्या आठवणी निघाल्या म्हणजे पुणेंकर आणि लातूरकर यांच्या आठवणी एका वर्षापासून सुरू होत नाहींत. मधें दहा-बारा वर्षांचें अंतर पडतें.

हें अंतर भरून काढलें तें उपग्रहानें. ३० ऑगस्ट १९८३ रोजीं इन्सॅट-१ बी अवकाशांत गेला. विषुववृत्तावर सुमारें छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर राहून तो दिल्लीहून आलेला कार्यक्रम साऱ्या देशावर परत पाठवूं लागला. गांवोगांवीं तो झेलून आसपास पसरविण्यासाठीं शंभर वॅट शक्तीचीं लहान प्रक्षेपकें बसविण्यांत आलीं; १९८४ सालीं कांहीं महिने तर देशांत दररोज एक या वेगानें. जिल्ह्याच्या गांवांना चित्र मिळालें तें या लाटेंत. ७ जुलै १९८४ रोजीं ‘हम लोग’ सुरू झाली, १९८६ मध्यें ‘बुनियाद’ आली, २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारीं सकाळीं ‘रामायण’. मराठी घराला पहिल्यानें भेटलेलीं हीं कुटुंबें दिल्लीचीं, लाहोरचीं आणि अयोध्येचीं होतीं.

शंभर वॅटांच्या प्रक्षेपकाचा पल्ला पंधरा-वीस किलोमीटरांचा. त्याच्या आंत असलेल्या गांवांत साधा अँटेना पुरे. बाहेरच्या गांवांत मात्र लोखंडी नळीला नळी जोडून माळवदावर उंच खांब उभा करावा लागे आणि तारांनीं ताणून धरावा लागे. तरीहि पडद्यावर मुंग्या येतच. मग एकानें वर जाऊन खांब फिरवायचा, दुसऱ्यानें दारांतून ओरडायचें, आणि चित्र आलें असें वाटतांच वरच्यानें हात सोडला कीं तें पुन्हां जायचें. पुढें अंबाजोगाईच्या मनोऱ्यावरून अधिक शक्तीचें प्रक्षेपण सुरू झाल्यावर हा त्रास पुष्कळ कमी झाला. वीज मात्र आपल्या मर्जीनें जात-येत राहिली. तेव्हां ट्रॅक्टरची बॅटरी काढून तिच्यावर बारा व्होल्टचा कृष्णधवल संच चालविण्याची युक्ति लोकांनीं शोधून काढली. रविवारीं सकाळीं ट्रॅक्टर उभा कां, असें शेजारच्यानें विचारण्याचें कारण उरलें नाहीं.

एका गल्लींत संच एकच असे. ढाळजेंत किंवा ओसरीवर सतरंजी पडे. पुढें मुलें, मागें पुरुष, आंतल्या दाराशीं बायका. रामायणाच्या वेळीं संचाला हार घालण्याचे, आंघोळ करून बसण्याचे प्रकार देशभर झाले तसे येथेंहि झाले, आणि त्यांची थट्टाहि पुष्कळ झाली. थट्टा करणारांनीं एक गोष्ट पाहिली नाहीं ती बसण्याच्या जागेची. गांवच्या दुसऱ्या टोंकाला राहणाऱ्यांचीं मुलें तोच राम अंगणांतून किंवा खिडकीच्या गजांतून पाहत. दार उघडें असे. आंत या असें मात्र सर्वांनाच म्हटलें जात नसे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावरून १९७८ सालीं नांदेड-परभणीकडे दलितांचीं घरें जळालीं होतीं. नामविस्तार व्हावयास १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. मधल्या वर्षांत, एका पडद्यासमोर कोणी कोठें बसावें हा प्रश्न क्षुल्लक नव्हता. पुष्कळ घरांनीं स्वतःचा कृष्णधवल संच हप्त्यानें घेतला त्यामागें करमणुकीइतकीच ही खिडकी होती.

आतां प्रत्यक्ष चित्राकडे वळतां येईल. लहान पडद्यावर सगळेच चित्रपट सारखे लहान होत नाहींत, याचें कारण मापाचें आहे. प्रभातच्या काळांतल्या बोलपटाची चौकट रुंदीला चार तर उंचीला तीन या जवळपासच्या प्रमाणांत असे. जुन्या दूरदर्शन संचाची कांचहि त्याच प्रमाणाची. त्यामुळें १९३६ चा ‘संत तुकाराम’ घरीं पाहतांना त्यांतलें कांहींहि कापलें जात नाहीं. ‘शोले’सारखा रुंद पडद्यासाठींचा चित्रपट त्याच कांचेंत बसवावयाचा तर एक तर वर-खालीं काळ्या पट्ट्या सोडाव्या लागत, नाहीं तर दोन्ही बाजू छाटाव्या लागत, आणि मग दोघांच्या संभाषणांत एकाचें नाक तेवढें उरे. ज्यांनीं ‘शोले’ प्रथम घरींच पाहिला त्यांना त्याची ख्याति थोडी अतिशयोक्त वाटली असल्यास नवल नाहीं.

दामले-फत्तेलाल यांच्या तुकारामाला लहान पडदा दुसऱ्याहि कारणानें मानवतो. १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत या बोलपटाचा गौरव झाला आणि मुंबईच्या एका चित्रगृहांत तो वर्षभराहून अधिक चालला. तेथें लोक त्याला पाहावयास गेले ते विष्णुपंत पागनिसांच्या भजनासाठीं आणि वैकुंठगमनाच्या चमत्कारासाठीं. घरीं तो पाहिला म्हणजे चमत्कार फिका पडतो. गरुडाचें विमान हातभर कांचेवर खेळण्यासारखें दिसतें. त्याऐवजीं वर येते ती गौरीबाईंची जिजाई. म्हैस, दाणे, आजारी पोर आणि नवरा भजनांत, असा तिचा संसार. एका हातानें आजारी मुलाला ओढीत व दुसऱ्या हातांत पायताण घेऊन ती विठोबाला जाब विचारावयास देवळांत शिरते, तो प्रसंग थिएटरांत विनोदी ठरतो. आंतल्या दाराशीं बसलेल्या बायकांना त्यांत विनोदाहून कांहीं जास्त दिसतें, कारण त्या त्याच क्षणीं एक डोळा चुलीकडे ठेवून बसलेल्या असतात. वारीची परंपरा ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या आहे तेथें तुकोबाला कोणी हंसत नाहीं. पण जिजाईला दाद मिळते ती आंतून मिळते. बोलपटाचें केंद्र असें घरांत येतांच दोन हात सरकतें.

भाषेची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. कार्यक्रम हिंदींत, म्हणून तो परका, असें पुण्याच्या अनुभवावरून वाटेल. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता आणि तेथें माध्यमिक व पुढचें शिक्षण उर्दूंतून होत असे. १९८८ मध्यें गुलजारांची ‘मिर्झा गालिब’ मालिका सुरू झाली तेव्हां साठी उलटलेले मराठी वकील, शिक्षक, निवृत्त तहसीलदार यांना ती समजावून सांगावी लागली नाहीं. उलट त्यांनींच ती नातवंडांना समजावून सांगितली. कागदपत्रें मोडींतलीं, शाळा उर्दूंतली, घर मराठीचें, अशा त्या पिढीचें एक न वापरलें गेलेलें भाषाज्ञान त्या मालिकेनें अखेरचें उपयोगांत आणलें. तीच गोष्ट श्याम बेनेगलांच्या ‘अंकुर’ची. १९७४ च्या या चित्रपटांतलें कथानक तेलंगणांतल्या जमीनदारीचें आणि त्यांतलें बोलणें दखनी वळणाचें. शबाना आझमींची लक्ष्मी बोलूं लागतांच नांदेडच्या बाजारांतली हिंदी पडद्यावर आल्याचा भास होतो. मुंबईच्या प्रेक्षकाला जी बोली रंगासाठीं घातलेली वाटते ती येथें रोजच्या सौद्याची आहे. शेवटीं एक पोर जमीनदाराच्या खिडकीवर दगड भिरकावतो, तो दगडहि येथें फार दूरचा वाटत नाहीं.

सरहद्दीच्या गांवांत आणखी एक मौज होती. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धांत रविवारीं दुपारीं राष्ट्रीय कार्यक्रमांत प्रादेशिक भाषांचे पारितोषिक मिळालेले चित्रपट दाखवीत, खालीं इंग्रजी अक्षरें देऊन. महाराष्ट्रांत बहुतेक घरें तेवढ्यापुरतीं झोंप काढीत. देगलूर, धर्माबाद, किनवट येथें तेलुगु चित्रपटाला आणि उदगीर-निलंग्याकडे कानडी चित्रपटाला अक्षरांची गरज नसलेले लोक भेटत. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यांतच होते. नकाशा बदलला तरी सोयरीक आणि बाजार बदलले नव्हते. दुपारच्या त्या मंदगति चित्रपटांना सबंध मराठी मुलुखांत असा प्रेक्षक दुसरीकडे फार थोड्या ठिकाणीं मिळाला असेल.

या साऱ्यांत एक मालिका वेगळी काढून तिच्याविषयीं बोलणें जरूर आहे. ती म्हणजे गोविंद निहलानींची ‘तमस’. भीष्म साहनींच्या कादंबरीवरून केलेली ही मालिका जानेवारी १९८८ पासून आठवड्याआठवड्यानें दाखविली गेली. फाळणीच्या वेळचें पंजाबांतलें एक गांव. नथू नांवाच्या गरीब चर्मकाराला फसवून एक डुक्कर मारावयास लावतात. सकाळीं तें मशिदीच्या पायऱ्यांवर सांपडतें आणि गांव पेटतें. नथूचें काम ओम पुरींनीं केलें. या मालिकेनें शांतता बिघडेल म्हणून ती थांबवावी, अशी मागणी न्यायालयांत झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनीं ती स्वतः पाहिली व परवानगी दिली. फेब्रुवारींत सर्वोच्च न्यायालयानें तोच निकाल कायम केला.

देशांतल्या पुष्कळ भागांत ‘तमस’ ही पंजाबची गोष्ट होती. नांदेड व लातूर येथें ती तशी राहणें शक्य नव्हतें. १९४७-४८ मध्यें रझाकारांच्या जुलुमानें या भागांतलीं गांवेंच्या गांवें उठलीं, माणसें मारलीं गेलीं, कुटुंबें सरहद्द ओलांडून शेजारच्या मुलुखांत जाऊन राहिलीं. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर उलटा प्रहर आला आणि मुसलमान वस्त्यांवर तेंच कोसळलें. त्याची पाहणी करण्यासाठीं भारत सरकारनें पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखालीं एक समिति पाठविली होती. तिनें संस्थानभर मेलेल्यांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा केला, आणि सर्वाधिक झळ पोंचलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. आजचा लातूर जिल्हा त्या वेळीं उस्मानाबाद व बीदर यांत विभागलेला होता. हा अहवाल कित्येक दशकें लोकांसमोर आला नाहीं. तो सर्वांना पाहावयास मिळाला तो २०१३ च्या सुमारास.

म्हणजे ‘तमस’ घरांत आली तेव्हां त्या प्रसंगाला चाळीस वर्षें होत होतीं, पहिला अर्धा भाग शाळेच्या इतिहासांत होता, आणि दुसरा अर्धा कोठेंच नव्हता. पाहणाऱ्या प्रत्येक घरांत पन्नाशी-साठींतलें कोणी तरी असें होतें ज्याला तें सारें आठवत होतें. थिएटरांत अशा माणसाला अंधाराचा आडोसा मिळतो. ओसरीवर तो मिळत नाहीं. पडद्यावर दार मोडलें जात असतां आजीनें मान कां फिरवली, शेजारचे चाचा चहा न घेतां कां उठले, हें लहानांना दिसतें आणि तें विचारल्यावांचून राहत नाहींत. सर्वच घरांत उत्तरें मिळालीं असें नाहीं. कित्येकांनीं संच बंद केला, कित्येकांनीं पुढचे भाग पाहिलेच नाहींत. परंतु मधल्या पिढीनें न विचारलेला प्रश्न तिसऱ्या पिढीनें विचारला, आणि तो एका कथेच्या निमित्तानें विचारला गेल्यामुळें कोणावर आरोप न करतां विचारतां आला. मालिकेनें दंगे होतील ही भीति खरी ठरली नाहीं. मालिका संपते ती छावणींत जन्मलेल्या एका मुलाच्या रडण्यावर आणि दोन्हीकडच्या आरोळ्यांवर. बोध असा कांहीं ती सांगत नाहीं, आणि याच कारणानें दोन्ही घरांना ती सहन झाली असावी.

राजकारणावरच्या चित्रपटांना या दोन जिल्ह्यांत घरबसल्या निराळीच रुचि येते, तेंहि ओघानें सांगितलें पाहिजे. जब्बार पटेलांच्या ‘सामना’मधल्या हिंदुराव धोंडे पाटलाचा साखर कारखाना काय, किंवा १९७९ च्या ‘सिंहासन’मधली मुख्यमंत्र्याच्या खुर्चीभोंवतालची खेंचाखेंच काय, दोन्हींत कोणी तरी ओळखीचें सांपडतेंच. शंकरराव चव्हाण नांदेडचे, शिवाजीराव पाटील निलंगेकर व विलासराव देशमुख लातूरचे, अशोक चव्हाण पुन्हां नांदेडचे. इतके मुख्यमंत्री दिलेल्या मुलुखांत ‘सिंहासन’ पाहतांना कथा बाजूला पडते आणि कोण कोणावरून घेतला आहे हा वाद जेवणापर्यंत चालतो. अरुण साधूंच्या ज्या कादंबऱ्यांवरून तो काढला त्या आधींच्या आहेत, हें कोणी सांगितलें तरी वाद थांबत नाहीं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे चारच्या सुमारास किल्लारी व आसपासचीं गांवें भूकंपानें जमीनदोस्त झालीं. गणपतीचें विसर्जन आटोपून लोक झोंपले होते. सुमारें आठ हजार माणसें गेलीं. मातींत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर वर्षानुवर्षें माती चढवून जड झालेलीं माळवदें, हें त्या हानीचें मुख्य कारण. ज्या माळवदावर अँटेनाचा खांब उभा होता तेंच खालच्या माणसांवर आलें. त्या आठवड्यांत देशानें लातूर जिल्हा प्रथमच नीट पाहिला, तो दूरचित्रवाणीवर, ढिगाऱ्यांच्या रूपांत. पुढें पन्नासाहून अधिक गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं. रुंद सरळ रस्ते, सुटीं सुटीं लहान घरें, आखीव चौक. भूकंपाच्या दृष्टीनें तें शहाणपणाचें होतें. ढाळज मात्र त्या आराखड्यांत नव्हती, आणि वीस माणसें एका संचासमोर बसण्याची जागाहि नव्हती. शेजारी कोण, हेंहि सोडतीसारखें बदललें होतें. तोंवर संचहि स्वस्त झाले होते आणि छत्रीची वाहिनी गांवांत पोंचत होती. त्यामुळें एकत्र पाहणें इतर ठिकाणीं दहा वर्षांत हळूहळू संपलें तें येथें एका पहांटेंत संपलें.

भाड्यानें कॅसेटयंत्र आणून रात्रभर तीन-तीन चित्रपट पाहण्याचा जमाना, मग केबल, मग मराठीच्या स्वतंत्र वाहिन्या, आणि आतां हातांतला मोबाईल, हा पुढचा प्रवास सर्वत्र सारखाच झाला. त्यांत मराठवाड्याचें असें वेगळें थोडें. जुनीं प्रक्षेपकें प्रसार भारतीनें २०२२ पर्यंत बहुतेक बंद केलीं. तत्पूर्वीं एकदां मात्र जुनें दूरदर्शन घरांत परत आलें. करोनाच्या टाळेबंदींत २८ मार्च २०२० पासून ‘रामायण’ व ‘महाभारत’ पुन्हां दाखविण्यांत आल्या. पुण्या-मुंबईला कामासाठीं गेलेलीं लातूर-नांदेडचीं मुलें त्याच सुमारास मिळेल त्या वाहनानें, कांहीं पायींहि, गांवीं परतलीं होतीं, आणि बऱ्याच वर्षांनीं घरांतलीं सारीं माणसें एका खोलींत होतीं.

नव्या रुंद संचांवर त्या जुन्या मालिका बसत नाहींत. चार-तीनाची चौकट मधें येते आणि दोन्ही बाजूंस काळे पट्टे राहतात. जागा वायां जाते म्हणून मुलें रिमोटनें चित्र ताणून पडदाभर करतात. मग राम आडवा पसरतो, रथाचीं चाकें अंड्यासारखीं होतात. जुनीं माणसें तें लगेच ओळखतात. हा तो राम नव्हे, याला आधीं नीट करा, असें त्या सांगतात, आणि पट्टे परत आल्याशिवाय पुढचें पाहत नाहींत.